उघड्या गाडीची लाज

माझ्या थोरल्या भावाला गल्लीत 'सर्जन' म्हणतात. मूळ पदवी 'प्लास्टिक सर्जन', पण रोजच्या वापरात तिचा पुढचा भाग झिजून गेला. ही चेष्टा आहे हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. दादाला कळत नाही. कुणी लांबून "काय सर्जन, पेशंट कसा आहे?" असं ओरडलं की तो चष्मा नाकावर नीट बसवतो आणि खरोखर उत्तर देतो. "डाव्या पॅनेलला अजून थोडी राखाडी छटा आहे," म्हणतो. मी त्याची सख्खी बहीण आहे, म्हणून हे सगळं हक्कानं लिहिते आहे. परक्यानं लिहिलं असतं तर त्याची मी खैर ठेवली नसती.

पेशंट म्हणजे दादाची मोटरसायकल. त्यानं ती कुणाकडून तरी जुनी घेतली, तेव्हाच तिच्या प्लास्टिकचा रंग उडालेला होता. इंजिन ठणठणीत, चाकं सरळ, ब्रेक जागच्या जागी. पण बाजूची दोन पॅनेलं, पुढचं मडगार्ड, आरशांच्या पाठी, शेपटीकडचा भाग, जे जे काळं असायला हवं ते ते उन्हानं पांढुरकं पडलेलं. दुसऱ्या कुणी असली गाडी घेतली असती तर किक मारून कामाला गेला असता. दादानं पहिल्याच दिवशी एक पॅनेल उपटलं आणि आम्हाला त्याची आतली बाजू दाखवली. तिथं ऊन कधी पोचलंच नव्हतं, त्यामुळे ती कारखान्यातून निघाली तशी काळीभोर होती. "हा हिचा खरा रंग," तो म्हणाला. तेव्हापासून घरी कुणीही आलं की चहाच्या आधी त्याला पॅनेलची आतली बाजू बघावी लागते. आमच्याकडे पाहुणे कमी येतात.

दादा चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असतो. एखाद्या गिऱ्हाइकाला चष्म्याची काडी कानामागे टोचत असेल, तर दादा ती काडी छोट्या हीटरवर धरतो, मऊ झाली की अंगठ्यानं हलकेच वाकवतो, आणि चष्मा कानावर असा बसतो की गिऱ्हाईक आरशात बघून हसतं. हे त्याला येतं. खोटं कशाला बोलू? पण एवढ्या एका कौशल्यावरून त्यानं असा समज करून घेतला, की जगातलं कुठलंही प्लास्टिक त्याचा शब्द खाली पडू देणार नाही.

सुरुवात तेलानं झाली. स्वयंपाकघरातलं तेल फडक्यावर घेऊन त्यानं सगळी गाडी चोळली. गाडी काळी झाली, दादाला आभाळ ठेंगणं झालं. संध्याकाळपर्यंत त्या तेलावर रस्त्याची सगळी धूळ येऊन बसली आणि गाडी होती त्याहून म्हातारी दिसायला लागली. मग बुटाचं पॉलिश आलं. तेही झकास बसलं, पण ते फक्त प्लास्टिकवर बसून राहील असं कुणी सांगितलं होतं? वहिनीचे वडील एकदा पांढरी पँट घालून मागे बसले. उतरले तेव्हा त्यांच्या दोन्ही पायांना आतून काळे पट्टे होते. सासऱ्यांनी पँटकडे पाहिलं, दादानं पॅनेलकडे पाहिलं, आणि तो हळहळला तो पॅनेलवरचं पॉलिश पुसलं गेलं म्हणून.

हे सगळे प्रयोग चालायचे माझ्या टेबलावर. मी घरीच शिवणकाम करते. बाहेरच्या खोलीत माझं मशीन आहे आणि कापड कापायचं लांब टेबल आहे. त्या टेबलाला दादा 'ऑपरेशनची जागा' म्हणायचा. एकदा एका बाईच्या फिक्या पिवळ्या कापडावर पॉलिशचा अंगठा उमटला. मी आरडाओरडा केला, तर दादा शांतपणे म्हणाला, "बघ, तुझ्या कापडावर कसा छान काळा उठतो. प्लास्टिकवर का नाही उठत कळत नाही." अशा माणसाशी भांडून आपलंच डोकं फिरवून घ्यायचं!

वहिनी मात्र कधी भांडत नसे. ती लॅबमध्ये काम करते. पेशंटचं रक्त काढायचं, बाटल्यांवर नावं घालायची, तपासण्या लावायच्या. तिचा हात इतका हलका, की सुई टोचून झाली तरी माणूस "टोचणार कधी?" म्हणून विचारतो. घराजवळची तिची लॅब बंद पडली आणि तिला गावाबाहेरच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये जागा मिळाली. जागा चांगली, पण आधी काही महिने तात्पुरती; काम पसंत पडलं तर कायम. आणि कामाला उजाडायच्या आत हजर व्हायचं. त्या वेळी तिकडे जाणारी बस नाही. दादा म्हणाला, "त्यात काय, मी सोडत जाईन की!" त्या शब्दावर वहिनीनं होकार कळवला.

दोन-तीन आठवडे त्यानं सोडलंही, पण हॉस्पिटलच्या फाटकावरच्या दिव्यात पॅनेलं दिसू नयेत म्हणून जरा अलीकडेच, अंधारात. मग समोरच्या पाटीवाल्याकडची गरम हवेची गन त्याच्या नजरेला पडली.

हा पाटीवाला दुकानांच्या पाट्यांवरची जुनी स्टिकरं या गननं गरम करून सोडवतो. दादानं सहज म्हणून आपल्या पॅनेलच्या कोपऱ्यावर गरम हवा मारून बघितली, आणि राखाडी कोपरा बघता बघता काळा झाला. वर काही चोपडलेलं नाही, पुसलेलं नाही. आतला रंग आपणहून वर आला. मी दारात उभी राहून ते बघितलं. बघण्यासारखं होतं, हे मी नाकारत नाही. पाटीवाला म्हणाला, "सर्जन, हात हलता ठेवा. एका जागी थांबलात की प्लास्टिक गेलं म्हणून समजा."

दादानं एका रविवारी दुकानातून रजा घेतली आणि सगळी गाडी सोलून काढली. पॅनेलं, मडगार्ड, शेपटी, सगळं माझ्या टेबलावर. हात त्यानं हलता ठेवला, पॅनेलं सुरेख काळी होत गेली, आणि इथवर सगळं ठीक होतं. पण या पॅनेलांना मागच्या बाजूनं बोटाएवढ्या खुंट्या असतात. त्या गाडीच्या सांगाड्यातल्या रबरी भोकांत दाबून बसवायच्या, की पॅनेल पक्कं. यातली एक खुंटी काढताना जरा घट्ट निघाली होती. दादाच्यातला चष्मेवाला जागा झाला. त्यानं खुंटी गरम केली आणि अंगठ्यानं हलकेच बाहेर वाकवली. एक वाकवली म्हणून जोडीची वाकवली. मग दुसऱ्या पॅनेलवर अन्याय नको म्हणून त्याच्याही वाकवल्या. चष्म्याच्या काडीपुढे माणसाचा कान असतो, तो थोडंफार चालवून घेतो. सांगाड्याला कान नसतात. एकही खुंटी भोकात जाईना. त्या सरळ करायला पुन्हा गरम केल्या, तर दोन मान टाकून बसल्या आणि एक तुटून हातात आली.

दादा तुटलेली खुंटी हातात घेऊन बराच वेळ बसला. मला वाटलं, आता तरी गाडी तशीच जोडून मोकळा होईल. संध्याकाळी वहिनीनं विचारलं, "अहो, उद्या सोडणार ना मला?"

"उद्या कसं? पॅनेलं कुठं बसलीत?"

"पॅनेलांशिवाय गाडी चालत नाही का?"

"चालते. चालायचा प्रश्न नाही," दादा म्हणाला. "पण म्हणून अशी उघडी न्यायची? सगळ्या वायरी दिसतायत. बॅटरी दिसतेय. लोक काय म्हणतील?"

"त्या वेळी लोक झोपलेले असतात हो."

"येताना उजाडलेलं असतं," दादा म्हणाला.

वहिनी दुसऱ्या दिवशी दुधाच्या टेम्पोतून गेली. टेम्पो दारोदार थांबत गेला, आणि तिला उशीर झाला. त्याच्या पुढच्या दिवशी टेम्पो आलाच नाही, म्हणून चालत मोठ्या रस्त्यापर्यंत गेली आणि मिळेल त्या गाडीला हात करत पोचली. पुन्हा उशीर. लॅबच्या मोठ्या बाईंनी तिला बोलावून घेतलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "रक्त द्यायला लोक उपाशीपोटी येऊन बसतात. म्हातारी माणसं असतात. तुझं काम चांगलं आहे, पण आणखी एकदा असं झालं तर मला दुसरी मुलगी बघावी लागेल."

हे तिनं घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. दादा टेबलाशी बसून खुंटीच्या जागी काय चिकटवता येईल याचा विचार करत होता. त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "मग सांग ना त्यांना, थोडे दिवस सांभाळून घ्या. घरात महत्त्वाचं काम निघालंय म्हणावं."

मी हातातली कात्री खाली ठेवली, कारण हातात कात्री असताना मला स्वतःचा भरवसा वाटेना.  वहिनीनं ताटं घेतली, जेवली, आवरलं, आणि निजायला गेली. जाताना खिळ्यावरची गाडीची किल्ली तिनं मुठीत घेतली होती, ती फक्त मला दिसली.

वहिनीला मोटरसायकल येते. लग्नाआधी ती वडिलांची गाडी घेऊन लॅबचा कोर्स करायला जायची. लग्नानंतर दादानं तिला या गाडीला हात लावू दिला नव्हता. कारण काय, तर तिच्या हाताला घाम येतो आणि घामानं हँडलच्या ग्रिप पांढऱ्या पडतात!

पहाटे मी जिन्याखालचा दिवा लावला. गाडी चादरीखाली होती. वहिनीनं चादर ओढली, घडी घालून पायरीवर ठेवली, आणि गाडीभोवती एक फेरी मारली. मग आत येऊन टेबलावरच्या सगळ्या तुकड्यांतून तिनं पुढचं मडगार्ड तेवढं उचललं. "हे नसलं तर चिखल अंगावर येईल," म्हणाली. बाकीच्याकडे तिनं बघितलंही नाही. मडगार्ड अर्धंच झालेलं होतं, एक बाजू काळी आणि एक बाजू राखाडी. ते तिनं पान्यानं घट्ट बसवलं. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली आणि त्या आवाजानं दादा बनियनवर धावत बाहेर आला.

"अगं, काय करतेस हे? थांब!"

"उशीर होईल," वहिनी म्हणाली.

"अगं, निदान चादर तरी टाक तिच्यावर!"

चालत्या मोटरसायकलवर चादर कशी टाकतात, हे त्यानं अजून मला सांगितलेलं नाही. वहिनी गेली. दादा त्या घडी घातलेल्या चादरीशेजारी पायरीवर बसला. त्याचा चेहरा असा झाला होता, की समोरच्या म्हाताऱ्या आजोबांनी येऊन "कोण गेलं?" म्हणून विचारलं.

त्यानंतर दादा काही दिवस मागच्या बोळातून दुकानात जायला लागला. लोक हसतील, टोमणे मारतील, 'सर्जनची बायको सांगाड्यावर फिरते' म्हणतील, म्हणून तो तोंड लपवत होता. आणि लोक काहीच म्हणेनात. एकदोघांनी गाडीकडे बघितलं, पाटीवाल्यानं "वहिनी, साखळीला तेल पाजा" एवढं सांगितलं, आणि संपलं. एवढी वर्षं ज्या लोकांसाठी त्यानं प्लास्टिक घासलं, त्यांना गाडीवर प्लास्टिक आहे की नाही याचा पत्ताही नव्हता. दादाला टोमण्यांपेक्षा हे जास्त लागलं. तो मुद्दाम पाटीवाल्यापुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "गाडी सध्या उघडी आहे, दिसलं असेल." पाटीवाला म्हणाला, "हो का?"

वहिनीला पुन्हा उशीर झाला नाही. वेळ आली तेव्हा मोठ्या बाईंनी तिला कायम केलं. ती संध्याकाळी पेढ्याबिढ्याच्या भानगडीत न पडता सरळ घरी आली आणि दारातूनच म्हणाली, "झाले कायम!" मी उठून तिला मिठी मारली. दादा म्हणाला, "वा, छान." मग म्हणाला, "आज गाडी दिवसभर उन्हात नव्हती ना?"

असा हा माझा भाऊ. त्यानं कधी कुणाला फसवलं नाही, कुणावर हात उगारला नाही, व्यसन नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बाहेरचे लोक याला चांगला नवरा म्हणतात. माणूस घरात असून नसल्यासारखा असला, तर त्याला चांगला म्हणायचं की काय म्हणायचं, हे मला तरी माहीत नाही.

दुसरं काही असो, चिकाटी मात्र दांडगी. खुंट्यांच्या जागी त्यानं बोल्ट कापून बसवले, पुन्हा पुन्हा मापं घेतली, आणि शेवटी दोन्ही पॅनेलं आणि शेपटी अशी एकसारखी काळी केली की आतली बाजू कुठली आणि बाहेरची कुठली सांगता येऊ नये. आता ती बसवायची होती. वहिनीची सुट्टी रविवारी, पण रविवारी ती गाडीला हात लावू देईना. "तुमचं पॅनेल बसलं नाही तर सोमवारी सकाळी मी काय करू?" म्हणाली.  मग दादानं बेत केला. दुकान गुरुवारी बंद असतं. गुरुवारी हॉस्पिटलमध्ये जायचं, वहिनीचं काम संपायच्या आत तिथंच पॅनेलं लावून टाकायची, आणि ती बाहेर आली की तिला थक्क करायचं. तो हे सांगताना इतका खुलला होता, की मलाही क्षणभर बरं वाटलं. बायकोसाठी काहीतरी करायला निघालाय, म्हटलं, जाऊ दे. पॅनेल धरायला दुसरं कुणीतरी हवं होतं, म्हणून मीही निघाले. पॅनेलं माझ्या अस्तराच्या कापडात गुंडाळून आम्ही बसनं गेलो. बसमध्ये एकच जागा मिळाली. दादानं तीवर पॅनेलं ठेवली आणि आम्ही दोघं उभे राहिलो.

हॉस्पिटलच्या फाटकाशी पत्र्याची शेड आहे. तिथं ओळीनं लावलेल्या गाड्यांत आमची लगेच दिसली. दादा सरळ तिच्याकडे गेला आणि कापड सोडायला लागला, तोच वॉचमन खुर्चीवरून उठला.

"ओ, हात लावू नका. ती लॅबवाल्या मॅडमची गाडी आहे."

"माहितेय," दादा म्हणाला.

"गाडी दिसायला अशी आहे, पण एका किकला सुरू होते बरं का!" वॉचमन कौतुकानं सांगायला लागला. "आणि मॅडम घड्याळासारख्या येतात. पावसात येतात, थंडीत येतात. मला फार वाईट वाटतं बघा त्यांचं. घरात बघणारं कुणी नसावं. कुणी असतं तर बाईमाणसाची गाडी अशी उघडी राहिली असती का? तुम्ही कोण त्यांचे?"

शेजारी दोन नर्सा आणि एक ड्रायव्हर उभे होते. ते आमच्याकडे बघत होते. दादानं चष्मा नाकावर सरकवला. मी वाट बघत होते. दोनच शब्द बोलायचे होते त्यानं.

"मी प्लास्टिकचं काम करतो," दादा म्हणाला. "पॅनेलं बसवायला आलोय."

 आयुष्यात इतका राग मला कुणाचा आला नव्हता. त्याला गाडीची लाज वाटली तेव्हा निदान मला हसता येत होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनी पिशवी खांद्याला लावून समोरून येताना दिसली, आणि वॉचमननं तिला लांबूनच आवाज दिला, "मॅडम, तुमचा प्लास्टिकवाला आलाय!"

वहिनी थांबली. तिनं दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग त्या नर्सांकडे. अजूनही वेळ गेली नव्हती. दादानं हसून "अगं मीच" एवढं म्हटलं असतं तरी सगळे हसले असते आणि विषय संपला असता. पण एकदा सोंग घेतलं की ते नीट वठवावं असं त्याला वाटलं असावं. त्यानं पॅनेल दोन्ही हातांनी पुढे धरलं आणि म्हणाला, "रंग एकसारखा आलाय मॅडम. बघा."

"छान झालंय काम," वहिनी शांतपणे म्हणाली. "पण मला नकोत. तुम्ही घेऊन जा." मग माझ्याकडे वळली. "चल, बस मागे."

मी बसले. वॉचमननं फाटक उघडलं. मागे वळून मी पाहिलं नाही, बघवलं नसतं.  सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी म्हटलं, "वहिनी, त्यानं असं बोलायला नको होतं. मी घरी गेल्यावर त्याला सोडणार नाही."

"काही बोलू नकोस त्याला," ती म्हणाली. "मी तरी कुठं खरं सांगितलंय? कायम झाले तेव्हा सगळ्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं. मी म्हटलं, मी आणि माझी नणंद."

सिग्नल सुटायला अजून वेळ होता. तिनं मान किंचित मागे वळवली.

"खोटं बोलले का गं?"

तो माझा सख्खा भाऊ आहे. आई गेली तेव्हा माझं डोकं मांडीवर घेऊन रात्रभर बसला होता तो.

"नाही," मी म्हटलं.